पफबॉलच्या पोटात काय असतं?

यंदा मृगाच्या सरी पडल्या तसे या सदराकडे मशरूमचे फोटो यायला लागले, आणि त्यातले बरेचसे छत्रीवाल्या मशरूमचे नाहीतच, गोळ्यांचे आहेत. पांढरे गोळे, काटेरी गोळे, फुटलेले गोळे, लाथ मारली की धूर सोडणारे गोळे, म्हणजे पफबॉल आणि त्याच्यासारखी मंडळी. प्रश्न वेगवेगळे आहेत पण फिरून सगळे एकाच गोष्टीपाशी येतात, की याच्या आत नेमकं काय असतं. म्हणून या महिन्याचं सदर पूर्ण त्याच विषयाला दिलंय. पत्रं थोडी छोटी केली आहेत, बाकी भाषा ज्याची त्याची.

ताई, आमच्या बेसाच्या ले-आउटमध्ये बरेच प्लॉट अजून रिकामे आहेत, पाऊस पडून गेला की तिथे गवतात पांढरे गोळे निघून राहिले, लिंबापेक्षा थोडे मोठे. एक कापला तर आत नुसतं पांढरं, ना दांडी ना छत्री. दोन-तीन दिवसांनी तिथलाच दुसरा कापला तर आत पिवळं-हिरवं, ओलं, आणि वास मारून राहिला होता. सडला का तो? आणि ते पांढरं काय असतं? – एक वाचक, बेसा

सडला नाही दादा, पिकला. आणि तुम्ही दोन वेगवेगळ्या दिवशी दोन गोळे कापले हे फार चांगलं केलं, कारण पफबॉल समजून घ्यायचा तर असाच घ्यावा लागतो, एकदा कापून काही कळत नाही.

आतल्या त्या पांढऱ्या भागाला ग्लेबा म्हणतात. आपण बाजारातून बटण मशरूम आणतो त्याच्या छत्रीखाली पातळ पट्ट्या असतात ना, गिल्स, बीजाणू म्हणजे स्पोअर्स तिथे तयार होतात. पफबॉलला गिल्स नाहीत, छत्री नाही, बीजाणू बनवायचं सगळं काम बंद दाराआड चालतं आणि ते ज्या टिशूमध्ये चालतं तो ग्लेबा. म्हणजे हा काही नुसता भरलेला गर नाही, हा गोळा जमिनीवर येतो तोच मुळात या ग्लेबासाठी. बुरशीचं रोजचं जगणं जमिनीत, बारीक धाग्यांच्या जाळ्यात चालू असतं, ते आपल्याला दिसत नाही, बीजाणू बाहेर पाठवायची वेळ आली की मग ती हे गोळे वर काढते.

पांढरा असताना त्याचा पातळ काप घेऊन चांगल्या भिंगाखाली धरला तर लक्षात येतं की तो एकसंध नाही, आत बारीक बारीक पोकळ्या आहेत. या पोकळ्यांच्या भिंतींना आतून टोकाशी फुगीर असलेल्या पेशी लागलेल्या असतात, त्यांना बेसिडियम म्हणतात (त्या बघायला मात्र मायक्रोस्कोपच लागतो) आणि एकेका पेशीवर बहुतेक वेळा चार बीजाणू धरतात. बीजाणू तयार झाले की या पेशींचं काम संपलं, मग त्या स्वतःच विरघळायला लागतात, आसपासचा बराचसा टिशूही विरघळतो आणि त्याचं पाणी सुटतं. तुम्ही दुसऱ्या वेळी बघितलं ते हे, पिवळट-हिरवट, ओलं आणि वास येणारं. यानंतर ते पाणी उडून जातं, रंग शेवाळी होत होत तपकिरी होतो, आणि आत उरतात दोनच गोष्टी, एक म्हणजे बीजाणूंची कोरडी पावडर आणि दुसरी म्हणजे त्या पावडरमध्ये गुंतलेले लवचिक धागे, त्यांना कॅपिलिशियम म्हणतात. या धाग्यांकडे लोकांचं लक्षच जात नाही पण मला विचाराल तर ग्लेबातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे, कारण धागे नसते तर पावडर दबून दगड झाली असती, आणि मग गोळा कितीही दाबा, एका दमात सगळं बाहेर पडलं असतं नाहीतर काहीच नाही. धाग्यांमुळे ती मोकळी राहते आणि थोडी थोडी, कित्येक दिवस, बाहेर पडत राहते.

पुढच्या वेळी गोळा आडवा न कापता उभा कापा, वरून खालपर्यंत. लायकोपर्डॉन नावाच्या पफबॉलमध्ये खालचा भाग वेगळा दिसेल, जरा मोठ्या भोकांचा, स्पंजी. हा सबग्लेबा. यात बीजाणू होत नाहीत, याची पावडरही होत नाही, म्हणून जुन्या फुटलेल्या गोळ्याचा बुडखा नंतरही तसाच उभा दिसतो. बोविस्टा नावाच्या पफबॉलला हा भागच नसतो, तो पिकला की जमिनीपासून सुटतो आणि वाऱ्यावर गडगडत जातो, जाता जाता पावडर सांडत. बाहेरचं साल दोन थरांचं, वरचा थर दाणेदार किंवा काटेरी आणि तो गळून पडतो, आतला कागदी, ज्याला डोक्यावर भोक पडतं. तुमच्या फोटोत दाणे दिसताहेत पण नुसत्या फोटोवरून मी जात सांगणार नाही, ते बरोबर होणार नाही.

मी नववीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की मशरूम आपले बीजाणू स्वतः उडवतं. मग पफबॉल का उडवत नाही, आपल्याला त्याला दाबावं का लागतं? – नंदनवन

बाळा, प्रश्न फार छान आहे, आणि सरांनी सांगितलं ते अगदी खरं आहे. गिलवरचा बीजाणू खरंच उडी मारतो. होतं असं की बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक अगदी बारीक थेंब जमतो, त्याच्याच अंगावर बाजूला पाण्याचा पातळ थर असतो, थेंब वाढत वाढत त्या थराला टेकला की दोन्ही झटकन एकत्र होतात आणि त्या झटक्याने बीजाणू सुटतो. जातो एक मिलिमीटरपेक्षाही कमी, पण तेवढं पुरतं, दोन गिल्सच्या मधल्या फटीत आला की तिथून खाली पडतो आणि वारा त्याला घेऊन जातो. त्या थेंबाला बुलर यांचा थेंब म्हणतात, आर्थर हेन्री रेजिनाल्ड बुलर, कॅनडात विनिपेगला प्रोफेसर होते, आयुष्यभर बुरशीच अभ्यासली.

आता विचार कर, चारी बाजूंनी बंद असलेल्या गोळ्यात उडी मारून जाणार कुठे? समोर भिंतच. त्यामुळे ज्या बुरशींनी बीजाणू बंद सालीत पिकवायला सुरुवात केली त्यांच्यात ही उडी मारायची सोय हळूहळू गेली. गिलवरचे बीजाणू एका बाजूला कललेले बसतात, पफबॉलचे मात्र गोल गरगरीत आणि सरळ बसलेले. आणि हे एकदाच घडलं नाही, वेगवेगळ्या खानदानांत वेगवेगळ्या वेळी घडलं. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना गॅस्टरोमायसीट्स म्हणून एकाच खोक्यात टाकलेलं असायचं, पण डीएनए तपासल्यावर कळलं की हे एक कुटुंब नाहीच, पफबॉल जवळचा आहे बटण मशरूमला आणि दगडासारखा कडक स्क्लेरोडर्मा जवळचा आहे बोलीट नावाच्या, छत्रीखाली गिल्सऐवजी भोकं असलेल्या मशरूमना.

मग स्वतः उडवता येत नाही तर दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं. लायकोपर्डॉन पर्लाटम हे काम पावसाकडून करून घेतं. १९४९ मध्ये इंग्लंडच्या पी. एच. ग्रेगरी यांनी हे प्रकरण अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. एक मिलिमीटर व्यासाचा थेंबसुद्धा पुरतो, झाडावरून ठिबकणारा असला तरी चालतो. थेंब कागदी सालीवर आदळला की साल क्षणभर आत दबते, आतली हवा वरच्या भोकातून बाहेर निघते आणि सोबत पावडर घेऊन जाते, सेकंदाला साधारण १०० सेंटीमीटर वेगाने. सेकंदाच्या शंभराव्या भागात एक सेंटीमीटर उंच ढग तयार. अशा एका फुसकाऱ्यात दहा लाखांवर बीजाणू बाहेर पडू शकतात. मग साल परत वर येते आणि पुढच्या थेंबाची वाट बघते. पावसात तर सगळं भिजून चिखल व्हायला हवा ना? होत नाही, कारण बीजाणू पाण्याला धरत नाहीत, पाणी त्यांच्यावरून ओघळून जातं.

दहा लाख म्हणजे खूप वाटतात पण याच बुलर साहेबांनी एका महाकाय पफबॉलमधल्या बीजाणूंचा हिशोब केला होता. कॅल्व्हेशिया जायगँशिया नावाचा हा पफबॉल युरोप-अमेरिकेकडे कुरणांत येतो, त्यांचा नमुना ४० बाय २८ बाय २० सेंटीमीटरचा होता आणि उत्तर आलं ७ लाख कोटी. आकडा वाचून झाला की परत एकदा सावकाश वाच. एवढ्यातून एखाद-दुसराच कुठेतरी रुजतो, बाकीचे वाया जातात, म्हणूनच इतके करावे लागतात.

भूछत्राची भाजी आमच्या घरी सगळ्यांना लय आवडते. हे पफबॉल खाता येतात असं यूट्यूबवर पाहिलं. सावजी मसाल्यात चांगला तासभर शिजवला तर विष असलं तरी निघून जाईल ना? – हिंगणा रोड

नाही जात भाऊ. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं पण छापखान्यात जमत नाही. अमानिता वंशातल्या काही जीवघेण्या मशरूममध्ये अमाटॉक्सिन नावाचं विष असतं, ते उकळून जात नाही, तळून जात नाही, वाळवून जात नाही, कितीही तिखट रस्सा करा. चांदीचं नाणं काळं पडतं, लसणाचा रंग बदलतो, किड्याने खाल्लं म्हणजे चालतं, या सगळ्या ऐकीव गोष्टी आहेत आणि यातली एकही खरी नाही.

तुम्ही म्हणाल की गोळ्याचा आणि अमानिताचा काय संबंध. संबंध हा की अमानिता जमिनीतून वर येतं तेव्हा तेही पांढऱ्या सालीत गुंडाळलेलं असतं, बाहेरून हुबेहूब गोळाच. फरक फक्त कापल्यावर कळतो. उभा कापा आणि बघा. आत छत्रीची, दांडीची, गिल्सची पुसटशी जरी रेघ दिसली तर तो पफबॉल नाही, हात धुवा आणि सोडून द्या. सालीखाली चिकट जेलीचा थर दिसला तर ते स्टिंकहॉर्न नावाच्या घाण वासाच्या मशरूमचं अंडं, म्हणजे अजून न उघडलेला गोळा. साल जाड, कडक आणि आत जांभळट-काळं, त्यात पांढऱ्या रेघा, तर तो स्क्लेरोडर्मा, खाल्ला की उलट्या-जुलाब, आणि हा लेकाचा अगदी कोवळा असताना आतून पांढराही असू शकतो म्हणून सालीची जाडी बघायची. पिवळट झाक आली असेल तर पफबॉल असला तरी पोट बिघडवणार. आणि आत कडेपासून कडेपर्यंत ताज्या पनीरसारखं एकरंगी पांढरं, कुठे रेघ नाही, पोकळी नाही, डाग नाही, तर मग तो कोवळा पफबॉल असायची शक्यता मोठी आहे.

शक्यता म्हटलं, खात्री नाही म्हटलं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जंगलातलं मशरूम ओळखून आणलं जातं त्यांची नजर वेगळी असते, ती यूट्यूबवरून येत नाही. शिवाय रिकाम्या प्लॉटवरचे, रस्त्याच्या कडेचे, नाल्याजवळचे तर ओळख पटली तरी खाऊ नका, कारण मशरूम जमिनीतलं शिसं, पारा असले जड धातू ओढून घेतात आणि पफबॉल त्यात चांगलेच पुढे आहेत. भाजी करायची तर बाजारातलं धिंगरी किंवा बटण आणा ना, सावजी मसाल्यात तेही मस्त लागतं.

आणि चुकून कोणी काही खाल्लंच तर त्रास व्हायची वाट बघू नका. अमाटॉक्सिनचा त्रास बऱ्याचदा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो, उलट्या-जुलाब होऊन मग एखादा दिवस बरं वाटतं आणि घरचे म्हणतात चला सुटलो, तेव्हाच आत लिव्हर निकामी व्हायला सुरुवात झालेली असते. लगेच नागपुरातल्या मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी हॉस्पिटलला किंवा जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथे जा आणि उरलेलं मशरूम, कच्चं असो की शिजवलेलं, डब्यात घालून सोबत न्या.

नातू आणि आमचा कुत्रा दोघेही बागेत हे वाळके गोळे दिसले की त्यावर उड्या मारतात, तपकिरी धूर निघतो. मला स्वतःला दमा आहे. हा धूर घातक आहे का? – एक आजोबा, त्रिमूर्तीनगर

काका, उघड्या हवेत एखाद-दुसरा गोळा फुटला आणि जरासा धूर नाकात गेला तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, पोरांना एवढ्यावरून रागावू नका. पण धूर म्हणजे धूर नाही, बीजाणू आहेत, आणि त्यांचा आकार साधारण ३ ते ५ मायक्रॉन. पेपरात हवेच्या बातमीत पीएम १० वाचतो ना आपण, म्हणजे १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण, त्यातही हे बारीकच. म्हणजे नाकाशी थांबत नाहीत, खोल जाऊ शकतात. तुम्हाला दमा आहे तेव्हा तुम्ही लांबच राहा, आणि फुटलेले गोळे काढायचेच असतील तर आधी वरून झारीने पाणी घाला, कागदात गुंडाळा, आणि हे सगळं मास्क लावलेल्या दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा.

भरपूर प्रमाणात, मुद्दाम किंवा बंद जागेत, ही पावडर श्वासात गेली तर लायकोपर्डोनोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होतो. १९९४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात १६ ते १९ वयाच्या आठ मुलामुलींनी पफबॉलची पावडर नाकात ओढली होती, काहींनी चावलीही. काही दिवसांत ताप, खोकला, धाप, काहींना ॲडमिट करावं लागलं. सगळे बरे झाले पण त्याला आठवडे लागले. कुत्र्यांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ते साहजिकच आहे, कुत्रा नाक खुपसूनच हुंगतो आणि वर पंजाने उकरतो. तुमचा कुत्रा अशा गोळ्याशी खेळून आल्यावर पुढच्या आठवड्याभरात खोकायला लागला किंवा धापा टाकायला लागला तर व्हेटला दाखवा आणि पफबॉलची गोष्ट आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या डोक्यात ते येणार नाही.

आमच्या शेताच्या बांधावर बांबू आहे. त्याखाली सकाळी सकाळी एक विचित्र मशरूम दिसलं, पांढरी दांडी, वर टोपी आणि खाली जाळी लोंबत होती, दिसायला फार सुंदर, पण जवळ गेलो तर मेलेल्या उंदराचा वास. दुपारपर्यंत माश्याच माश्या. संध्याकाळी टोपी धुतल्यागत साफ. हे काय होतं? – काटोल

तुम्ही फोटो पाठवला नाहीत पण वर्णन इतकं नेमकं केलंय की फोटोची गरज नाही, हे जाळीवालं स्टिंकहॉर्न, फॅलस इंड्युसिएटस किंवा त्याचंच कोणी भाऊबंद. आणि तुम्ही सकाळ-दुपार-संध्याकाळ असं तीनदा जाऊन बघितलंत म्हणून याची पूर्ण गोष्ट तुम्हाला दिसली.

सकाळी टोपीवर शेवाळी-तपकिरी चिकट लेप असणार, तो म्हणजे ग्लेबा. हो, तोच, पफबॉलमधला जो कोरडी पावडर होतो तो इथे होतो ओला आणि घाण वासाचा. सुरुवातीला हेही मशरूम बंद अंड्यातच असतं, ग्लेबा आत पिकतो, विरघळतो, आणि मग दांडी काही तासांत सरसर वाढून त्याला वर उचलते. दांडी इतक्या लवकर वाढते कारण तिच्या पेशी अंड्यात आधीच तयार असतात, दाबून बसलेल्या, फक्त ताणायच्या राहिलेल्या. वास माश्यांसाठी. माश्यांना वाटतं कुजकं मांस आहे, त्या येतात, लेप चाटून खातात, पायांना पण लागतो, आणि जिथे जातील तिथे बीजाणू टाकतात, पोटातून गेलेले बीजाणूसुद्धा शाबूत राहतात. संध्याकाळी टोपी साफ दिसली म्हणजे काम फत्ते.

तुमच्या बांबूला याचा काही धोका नाही, ही बुरशी पाचोळा कुजवून जगते, उलट चांगलंच आहे, राहू द्या. चीनमध्ये याची शेती करतात, ग्लेबावाली टोपी काढून टाकून दांडी आणि जाळी वाळवतात आणि सूपमध्ये घालतात. पण बांधावरचं उचलून तुम्ही करू नका, कारण वर हिंगणा रोडच्या भाऊंना लिहिलंय तेच.

कुंडीत शेणखत घातलं त्यावर पेन्सिलीच्या टोकाएवढ्या वाट्या आल्या आहेत, प्रत्येकीत चार-पाच चपट्या काळ्या गोट्या. कीड आहे का? – धरमपेठ

कीड नाही, बर्ड्‌स नेस्ट फंगस, सायाथस. त्या गोट्या म्हणजे ग्लेबाच, फक्त इथे त्याची पावडर न होता छोट्या बंद पुड्या झाल्या आहेत. पावसाचा मोठा थेंब वाटीत पडला की पुडी उडून एखाद्या मीटरवरसुद्धा जाऊन पडते, तिच्या मागे एक चिकट दोरी असते, ती गवताच्या पात्याला गुंडाळली जाते, गवत जनावर खातं आणि शेणातून बुरशी पुन्हा बाहेर. झाडाला काही करत नाही. वाटीत ड्रॉपरने थोडं उंचावरून पाणी टाकून बघा, जमलं तर पुडी उडताना दिसेल.

जगदलपूरला बहिणीकडे गेलो होतो, तिथे बाजारात मातीचे खडे वाटावेत असे काळपट गोळे विकत होते, बोडा म्हणतात, भाव विचारला तर मटणापेक्षा जास्त. हा पण पफबॉलच का? आपल्या पेंच-उमरेडच्या जंगलात का नाही मिळत? – मानेवाडा

बाहेरून तसाच दिसतो पण वंश वेगळा, अ‍ॅस्ट्रिअस. झारखंडकडे यालाच रुगडा किंवा पुटू म्हणतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला साल नावाच्या झाडांच्या जंगलात पाचोळ्याखाली, अर्धा मातीत, असा येतो आणि लोक हाताने उकरून काढतात. याची जून झालेली मंडळी पाहिलीत तर ओळखणार नाही, बाहेरची साल चांदणीसारखी फाकते, हवा ओली असेल तर पाकळ्या उघडतात आणि कोरडी झाली की मिटतात, मधल्या पिशवीत तपकिरी पावडर. खायचा तो त्याच्या खूप आधी, आत ग्लेबा पांढरा आणि घट्ट असताना. बहिणीला विचारा, घेताना बायका एखादा फोडून बघतात की नाही, आत काळं पडलं असेल तर तो ढीग सोडून देतात. वरची साल शिजली तरी कुरकुरीत लागते आणि आत मऊ, लोक त्यासाठीच पैसे मोजतात.

आपल्याकडे का नाही, तर ही बुरशी सालाच्या जिवंत मुळांना धरून राहते, झाडाला पाणी आणि खनिजं देते, झाड तिला साखर देतं. आपलं जंगल सागाचं. सागाचं जमतं ते वेगळ्या बुरशीशी, जी असे गोळे वर काढत नाही. म्हणूनच बोड्याची बटण मशरूमसारखी शेडमध्ये शेतीही करता येत नाही, झाड पाहिजे. साल तोडला की बोडा गेला, इतकं सरळ आहे, आणि तिथे पावसाळ्याचे हे थोडे आठवडे ज्या घरांची कमाई यावर होते त्यांचं काय हे पण त्यात आलं. गोंदिया-गडचिरोलीकडे आपण सात्या म्हणतो ते आणखी वेगळं, त्याला छत्री असते आणि ते वाळवीच्या वारुळातून येतं.

आजी सांगायची की कापलं-खरचटलं की वाळक्या गोळ्याची भुकटी दाबायची, रक्त थांबतं. खरंय का? – उमरेड

आजी खरं सांगत होत्या, मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत ही पद्धत नोंदलेली आहे आणि युरोपातही लोक पफबॉल याच कामासाठी जपून ठेवत. कोरडी, बारीक पावडर रक्त शोषते आणि गुठळी धरायला मदत होते. पण ती मातीतून आलेली असते, सोबत काय काय आलं कळत नाही, धनुर्वाताची भीती असते. आज घरात स्वच्छ पट्टी मिळते, पाण्याने धुवा, पट्टी दाबून धरा, टीटी घ्या.

मुलीला शाळेत प्रोजेक्ट करायचाय, पफबॉलवर करता येईल का? घरी मायक्रोस्कोप नाही. – प्रतापनगर

जरूर करा, मायक्रोस्कोप नसला तरी चालतं. एकाच जागचे सात-आठ गोळे असतील असा ठिपका शोधा, सेमिनरी हिल्सला किंवा घराजवळच्या मैदानात, सगळे तोडायचे नाहीत, रोज फक्त एक. तो उभा कापायचा, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा, रंग, ओलसरपणा आणि वास वहीत लिहायचा, आधी कोणत्या भागाचा रंग बदलला तेही. वास हाताने हवा आपल्याकडे ढकलून घ्यायचा, नाक लावायचं नाही, आणि पावडर झाल्याच्या दिवसापासून मास्क. एक पिकलेला गोळा जागेवरच ठेवून त्याच्यावर ड्रॉपरने वेगवेगळ्या उंचीवरून पाण्याचे थेंब टाकायचे आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये फुसकारा टिपायचा, उंची वाढवली की ढग किती वाढतो हे मोजता आलं तर प्रोजेक्टला स्वतःचं काहीतरी मिळेल. थोडी पावडर काळ्या कागदावर घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा, थेंब गोळा होऊन बसेल आणि पावडर वरच राहील. मग तिथेच थोडं सर्जिकल स्पिरिट सोडा, आता भिजेल. कागद वाळला की भिंगातून बघा, पावडरमध्ये तुटके धागे दिसताहेत का, दिसले तर तो कॅपिलिशियम. सगळं झालं की टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडूने किंवा कोरड्या फडक्याने नाही, आणि फोटो तारखेसह आम्हाला पाठवा, चांगले आले तर मुलीच्या परवानगीने पुढच्या अंकात छापू.